दोन वाटांनीं येणारा प्रकाश

सावित्री नदी महाबळेश्वरीं उगम पावून पश्चिमेस उतरते, पोलादपुरावरून वाहत महाडास येते आणि पुढें बाणकोटच्या खाडीनें समुद्रास मिळते. हें भूगोलाच्या पुस्तकांत आहेच. पण आपल्या भागांतील प्रत्येक घर तें पुस्तकावांचूनच जाणतें. पावसाळ्यांत महाडच्या बाजारपेठेंतील दुकानदार आकाशाकडे जितक्या वेळां पाहतात, तितक्याच वेळां पोलादपुराहून येणाऱ्या माणसास विचारतात, "वरती पाणी कसें आहे?" पोलादपुरास पाणी चढलें कीं कांहीं तासांनीं तें आपल्या दाराशीं येणार, हा पिढ्यांचा अनुभव आहे. त्या मधल्या अवकाशांत धान्याचीं पोतीं माळ्यावर चढवावयाचीं, गुरें सोडावयाचीं, म्हातारीं माणसें उंचावरच्या घरीं न्यावयाचीं. हा अवकाश किती मोलाचा असतो, आणि तो अपुरा पडला म्हणजे काय होतें, हें २२ जुलै २०२१ च्या महापुरांत आपण सर्वांनीं पाहिलें आहे. त्या दिवसाची आठवण झाली म्हणजे अजूनही बोलणें थांबतें.

एकच घटना दोन ठिकाणीं किंवा दोन वाटांनीं निरनिराळ्या वेळीं कळते. आणि त्या दोन वेळांमधील अंतर बरोबर मोजतां आलें तर त्यापासून पुष्कळ ज्ञान होतें. एवढी गोष्ट मनांत धरून आज आपण सावित्रीच्या कांठावरून फार दूर, जेथून प्रकाश येण्यास अब्जावधि वर्षें लागतात तेथवर जाणार आहोंत. विषय नवा वाटेल. पण त्याचें मर्म पोलादपूर व महाड यांच्या मधल्या कांहीं तासांतच सांठविलेलें आहे.

प्रथम ज्या वस्तूकडे पाहावयाचें तिची ओळख करून घेऊं. इ. स. १९६३ मध्यें मार्टेन श्मिट या ज्योतिर्विदानें आकाशांतील एका फिकट बिंदूचा वर्णपट तपासला. बिंदु दिसण्यांत ताऱ्यासारखा. पण वर्णपटावरून तो तारा नसून आपल्या आकाशगंगेच्या फार बाहेरची वस्तु आहे, असें त्याच्या ध्यानांत आलें. अशा वस्तूंना क्वेसार हें नांव पडलें. दूरच्या एखाद्या दीर्घिकेच्या मध्यभागीं कोट्यवधि सूर्यांइतक्या वस्तुमानाचें कृष्णविवर असतें. त्याकडे ओढला जाणारा वायु गरगर फिरतां फिरतां इतका तापतो व प्रकाशतो कीं, त्या दीर्घिकेंतील सारे तारे एकत्र केले तरी त्याच्यापुढें फिके पडावे. हा वायु एकसारख्या धारेनें पडत नाहीं. त्यामुळें क्वेसारचें तेज समईच्या ज्योतीप्रमाणें कधीं वाढतें, कधीं उतरतें. हे चढउतार आठवड्यांत, महिन्यांत, कधीं वर्षांत होतात, आणि त्यांस ठरीव नियम नसतो. हा अनियमितपणा आपल्या कामास कसा येतो तें पुढें दिसेल.

आतां दुसरी गोष्ट. जड वस्तूजवळून जातांना प्रकाशाची वाट वांकते. सूर्याच्या कडेस चाटून येणारा ताऱ्याचा किरण १.७५ विकला वांकावा, असें आईन्स्टाईन यांनीं गणितानें सांगितलें होतें. आणि २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळीं घेतलेल्या छायाचित्रांवरून त्याचा पडताळा आला. मग पुष्कळ मोठी जड वस्तु, म्हणजे एखादी सबंध दीर्घिका, दूरच्या दिव्याच्या व आपल्या मध्यें आली तर? त्या दिव्याचा प्रकाश तिच्या दोन्ही बाजूंनीं वळून आपणांकडे येईल, आणि एका दिव्याच्या जागीं आपणांस दोन दिवे दिसतील. दीर्घिका जणूं एक भिंगच झाली. म्हणून तिला गुरुत्वीय भिंग म्हणतात. एक तारा दुसऱ्या ताऱ्याचें भिंग झालेला पाहावयास मिळण्याची फारशी आशा नाहीं, असें आईन्स्टाईन यांनीं १९३६ मध्यें लिहिलें. पुढच्याच वर्षीं फ्रिट्झ झ्विकी यांनीं सुचविलें कीं, ताऱ्यांऐवजीं दीर्घिका घेतल्या तर असा देखावा खचित सांपडेल. तो सांपडण्यास मात्र बेचाळीस वर्षें लागलीं. १९७९ मध्यें वॉल्श, कार्सवेल व वेमन या तिघांनीं अमेरिकेंतील किट पीक वेधशाळेंतून सप्तर्षीच्या भागांतील दोन क्वेसारांचे वर्णपट घेतले. दोघांमध्यें अंतर अवघें सहा विकला. म्हणजे एक इंच व्यासाची चकती अर्ध्या मैलाच्या थोडी पलीकडे, सुमारें ८७० मीटरांवर धरली असतां जेवढी दिसेल तेवढें. दोन्ही वर्णपट जुळ्या भावंडांसारखे निघाले. तीं जुळीं नव्हतींच. तें एकच क्वेसार दोनदां दिसत होतें. त्याचा प्रकाश आपणांकडे येण्यास सुमारें नऊ अब्ज वर्षें लागलीं आहेत, आणि वाटेंतील भिंगाची दीर्घिकाही नंतर दृष्टीस पडली.

दोन वाटा म्हटल्या कीं वेळेचा प्रश्न आलाच. समजा, महाडचे एक गृहस्थ रोज सकाळीं एकाच मजकुराचीं दोन पत्रें लिहून पुण्याच्या मित्रास पाठवितात. एक वरंध घाटानें भोरवरून जातें. दुसरें पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर व वांई असा वळसा घेऊन जातें. मजकूर तोच, निघण्याची वेळ तीच. पण पोंचण्याची वेळ निराळी. या फरकास दोन कारणें होऊं शकतात. एक तर एका वाटेची लांबी अधिक असेल; दुसरें, एका वाटेवर चढण व वळणें अधिक असल्यानें गाडी मंदावत असेल. प्रकाशाच्या बाबतींतही अशींच दोन कारणें आहेत. दोन वाटांच्या लांबींत फरक असूं शकतो, हें पहिलें. दुसरें असें कीं, जड वस्तूच्या निकट काळच मंद चालतो, असें आईन्स्टाईन यांचें शास्त्र सांगतें. म्हणून भिंगाच्या गाभ्याजवळून येणाऱ्या प्रकाशास आपल्या घड्याळाप्रमाणें अधिक वेळ लागतो. १९७९ च्या जोडीपैकीं एका प्रतिमेस 'अ' व दुसरीस 'ब' म्हणूं. 'ब' चा प्रकाश दीर्घिकेच्या पुष्कळच जवळून येतो, आणि तोच मागें राहतो.

पण येथें एक अडचण आहे. पत्रावर तारीख असते. प्रकाशावर ती नसते. पुण्याच्या मित्राकडे तारीख नसलेल्या पत्रांचे दोन गठ्ठे पडले आहेत असें समजा. कोणतें पत्र कोणत्याचें जोडीदार, हें त्यानें कसें ओळखावें? एकाच उपायानें: मजकुरावरून. "आज गाय व्याली", "आज सावित्रीस पूर आला", "आज सर्व कुशल", असें एका गठ्ठ्यांत ज्या क्रमानें आहे, त्याच क्रमानें दुसऱ्यांत सांपडलें कीं जोड्या जुळल्या. आणि तीं पत्रें हातीं पडल्याच्या दिवसांत किती अंतर आहे तें पाहिलें कीं विलंब कळला. रोज केवळ "सर्व कुशल" एवढेंच लिहिलें असतें तर मात्र विलंब कधींच कळता ना. क्वेसारच्या प्रकाशांतील मजकूर म्हणजे त्याच्या तेजाचे चढउतार. ते अनियमित आहेत म्हणूनच ओळखूं येतात. नियमित मिटमिटणारा दिवा आपणांस फसविता. कोणता उघडझांप कोणत्याचा जोडीदार, हें कळतेंना.

आतां तेजाचें माप कसें घेतात तें पाहूं. डोळ्यानें पाहून "आज जरा उजळ दिसतें" असें म्हणणें येथें उपयोगाचें नाहीं. दुर्बिणीच्या मागें बसविलेल्या इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याच्या पटलावर प्रकाश पडला म्हणजे त्याच्या प्रमाणांत विद्युत्कण सुटे होतात. त्यांची मोजदाद करितात. परंतु एखाद्या रात्रीं हवेंत धूळ असते, एखाद्या रात्रीं चंद्र असतो. तेव्हां क्वेसारच मंदावलें कीं हवाच गढूळ होती, हें कसें समजावें? याकरितां त्याच चित्रांत शेजारीं असणाऱ्या, ज्यांचें तेज बदलत नाहीं अशा ताऱ्यांशीं क्वेसारची तुलना करितात. हवा गढूळ असेल तर सारेच मंद दिसतील. एकटें क्वेसार मंद दिसलें तरच दोष त्याचा. वर्गांत एका मुलाचे गुण घसरले तर मूल आळसावलें असेल, पण सबंध वर्गाचे घसरले तर प्रश्नपत्रिकाच कठीण होती, असें आम्ही शिक्षक म्हणतों, तसेंच हें. शिवाय दोन्ही प्रतिमा इतक्या शेजारीं असतात कीं, हवेच्या थरथरण्यानें एकीचा प्रकाश दुसरीवर सांडतो; तो गणितानें निराळा काढावा लागतो. इतकें झालें म्हणजे त्या रात्रीचे दोन आंकडे वहींत लिहावयाचे, व पुढच्या निरभ्र रात्रीं पुन्हा हेंच सर्व करावयाचें. असें एक वर्ष नव्हे, अनेक वर्षें.

जमलेल्या आंकड्यांचें काय करावें, हें विद्यार्थ्यांना घरीं करून पाहतां येईल. एका पारदर्शक कागदावर 'अ' चा आलेख काढावा, दुसऱ्यावर त्याच मापानें 'ब' चा. आडव्या रेषेवर दिवस, उभ्या रेषेवर तेज. मग एक कागद दुसऱ्यावर ठेवून उजवीडावीकडे हळूहळू सरकवावा. एका ठिकाणीं टेंकडीवर टेंकडी व दरीवर दरी बसेल. जितके दिवस कागद सरकवावा लागला, तितके दिवस 'ब' मागें आहे. विद्वान हेंच काम गणकयंत्राकडून करून घेतात. पण तत्त्व सरकत्या कागदाचेंच.

तत्त्व सोपें, पण त्यावर किती वाद माजला पाहा. १९७९ च्या जोडीचें निरीक्षण कित्येकांनीं वर्षानुवर्षें केलें, आणि उत्तरें दोन निघालीं. कांहीं म्हणत विलंब सुमारें ४१५ दिवसांचा. दुसरे तितक्याच विश्वासानें म्हणत ५३६ दिवसांचा. आंकड्यांत ढगाळ रात्रींचीं व उन्हाळ्यांतील महिन्यांचीं भोकें होतीं, आणि त्या भोकांतून दोन्ही उत्तरें निसटून जात होतीं. अखेर टोमिस्लाव कुंडिच व त्यांचे सहकारी यांनीं एक धीट मार्ग धरिला. डिसेंबर १९९४ मध्यें 'अ' प्रतिमेचें तेज एकाएकीं उतरलेलें त्यांना आढळलें. त्यांनीं तें १९९५ मध्यें प्रसिद्ध करून टाकिलें, आणि जाहीर केलें कीं, लहान विलंब खरा असेल तर हीच उतरण 'ब' मध्यें फेब्रुवारी १९९६ मध्यें दिसेल. मोठा खरा असेल तर ती जवळजवळ चार महिने उशिरां दिसेल. म्हणजे उत्तरपत्रिका आधींच पाकिटांत घालून मोहोर केली! फेब्रुवारी १९९६ उजाडला, आणि उतरण दिसली. विलंब ४१७ दिवस, तीन दिवस अधिकउणे, असा निकाल लागला. नऊ अब्ज वर्षांच्या प्रवासांत सव्वा वर्षाहून कमी फरक, आणि तोही तीन दिवसांपर्यंत नेमका! परंतु आम्हांस त्या आंकड्यापेक्षांही ती रीत अधिक मोलाची वाटते. जें मत आपण धरितों तें खोटें ठरण्याची तारीख आपणच आधीं जाहीर करावी, यापरता प्रामाणिकपणा कोणता?

या कामांत आपल्या देशाचाही वांटा आहे. लडाखमध्यें हान्ले येथें, समुद्रसपाटीपासून सुमारें ४५०० मीटर उंचीवर, भारतीय खगोलभौतिकी संस्थेची दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. बंगळूरजवळील होसकोटे येथें बसून उपग्रहाच्या द्वारें ती चालविली जाते. जोडक्वेसारांच्या विलंबाचें माप घेण्यासाठीं 'कॉस्मोग्रेल' नांवाची एक आंतरराष्ट्रीय योजना निघाली. तींत या दुर्बिणीनें भाग घेतला. तिचें एक लक्ष्य होतें एसडीएसएस जे १००१+५०२७ नांवाचें क्वेसार. त्याच्या दोन प्रतिमांत तीन विकलांहूनही कमी अंतर. मार्च २००५ पासून जुलै २०११ पर्यंत, सहा वर्षांहून अधिक काळ, ला पाल्मा बेटावरील १.२ मीटरची मर्केटर दुर्बीण, उझबेकिस्तानांतील मैदानक वेधशाळेची १.५ मीटरची दुर्बीण आणि आपली हान्लेची दुर्बीण, अशा तिघींनीं पाळीपाळीनें त्यावर नजर ठेविली. एकीवर ढग आले तर दुसरी जागी असे. एकूण ४४३ नोंदी जमल्या. सहा वर्षांतील तेजाचा चढउतार सुमारें ०.२ प्रत, म्हणजे पांचांत एक भाग, इतकाच होता. पांच निरनिराळ्या गणिती रीतींनीं उत्तर काढलें, पांचही जुळलीं. एक प्रतिमा दुसरीच्या ११९.३ दिवस पुढें आहे, आणि या उत्तरांत ३.३ दिवसांची चूक संभवते, असें बंगळूरचे रत्नकुमार व त्यांचे देशोदेशींचे सहकारी यांनीं २०१३ मध्यें प्रसिद्ध केलें.

कोणी म्हणेल, दोन आलेख जुळविण्यास पांच रीती कशाला? याचें उत्तर पुन्हा सावित्रीच देईल. महाडास पाणी किती चढेल, हें केवळ पोलादपुरच्या पाण्यावर ठरत नाहीं. महाडजवळ गांधारी नदी मिळते; ती आपलें पाणी घेऊन येते. खालीं खाडींत भरती असेल तर पाणी ओसरत नाहीं. म्हणून महाडचा आलेख म्हणजे पोलादपुरचा आलेख कांहीं तास सरकवून काढलेली हुबेहूब नक्कल नव्हे. त्यांत गांधारीचें व भरतीचें लिखाण मिसळलेलें असतें. भिंगाच्या दीर्घिकेंतही असाच प्रकार घडतो. तिच्यांतील एखादा तारा एका प्रतिमेच्या वाटेवर आडवा येतो आणि स्वतः लहानसें भिंग होऊन तेवढ्याच प्रतिमेचें तेज महिनोन्‌महिने वाढवितो किंवा घटवितो. दुसऱ्या प्रतिमेस त्याची वार्ताही नसते. ही भेसळ ओळखून निराळी काढणें हाच या शास्त्रांतील सर्वांत अवघड भाग होय.

भोकें पडलेल्या नोंदींविषयीं आमचाच एक अनुभव सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं दोन विद्यार्थ्यांना एक काम दिलें. एकाचें घर पोलादपुरास, दुसऱ्याचें महाडास. दोघांनीं आपापल्या घराजवळून, सुरक्षित जागीं उभें राहून, नदीच्या पाण्याची पातळी ठराविक वेळीं वहींत लिहावयाची. महिन्याअखेर दोन्ही वह्या आल्या. अक्षर मोत्यासारखें, एकही रकाना रिकामा नाहीं. आम्हीं आनंदानें आलेख काढून कागद सरकविले, तों काय आश्चर्य! पाणी आधीं महाडास चढलें व मागाहून पोलादपुरास! सावित्री उलटी वाहूं लागली कीं काय, असें म्हणून सारा वर्ग हांसला. मधल्या सुट्टींत त्यांतील एक मुलगा खालीं मान घालून आमच्याकडे आला. चार दिवस तो मामाकडे गेला होता. वही कोरी दिसूं नये म्हणून ते चार दिवस त्यानें अंदाजानें भरले होते. आम्हीं त्यास रागें भरलों नाहीं. एवढेंच म्हटलें, "बाळ, कोऱ्या रकान्यानें कोणी फसत नाहीं, खोट्या आंकड्यानें नदी उलटी वाहते." त्यानें ते चार रकाने आपल्या हातानें खोडले. मग आलेख पुन्हा काढला, आणि सावित्री आपल्या नेहमींच्या वाटेनें वाहूं लागली. पुराच्या रात्रीं अशा वहीवर विश्वासून कोणी झोंपीं गेला असता तर काय झालें असतें, हें महाडकरांना सांगावयास नको.

आतां मुख्य प्रश्न: एवढा खटाटोप कशासाठीं? १९६४ मध्यें, म्हणजे पहिलें जोडक्वेसार सांपडण्याच्या पंधरा वर्षें आधीं, नॉर्वेचे तरुण शास्त्रज्ञ स्यूर रेफ्सडाल यांनीं याचें उत्तर लिहून ठेविलें होतें. तुमच्यापुढें आपल्या जिल्ह्याचा नकाशा आहे, पण त्यावर प्रमाणपट्टी छापलेली नाहीं असें समजा. रस्त्यांचा आकार दिसतो, कोणता रस्ता कोणत्याच्या किती पट हें कळतें. पण महाडाहून पोलादपूर किती कोस, हें सांगतां येत नाहीं. मात्र गाडीचा वेग ठाऊक असेल, आणि एका रस्त्यानें दुसऱ्यापेक्षां नेमका किती वेळ अधिक लागतो हें कळलें, तर सबंध नकाशास प्रमाण मिळतें. गुरुत्वीय भिंगाचें असेंच आहे. प्रतिमा कोठें दिसतात व भिंगाचें वस्तुमान कसें पसरलें आहे, यावरून नकाशाचा आकार मिळतो. प्रकाशाचा वेग, सेकंदास सुमारें तीन लक्ष किलोमीटर, आपणांस ठाऊक आहे. विलंब मोजला कीं अंतरें मिळालीं. आणि अंतरें मिळालीं कीं विश्व किती वेगानें प्रसरण पावत आहे हें कळलें. त्यावरून विश्वाचें वय ठरविण्यास मदत होते.

हा प्रसरणाचा आंकडा सध्यां मोठ्या वादांत आहे. विश्वाच्या बाल्यावस्थेंतील प्रकाशाचा अभ्यास करणाऱ्या प्लांक उपग्रहाच्या मापांवरून तो ६७.४ येतो, म्हणजे दर ३२.६ लक्ष प्रकाशवर्षें अंतरामागें दीर्घिका सेकंदास ६७.४ किलोमीटर अधिक वेगानें दूर जातात. उलट सहा जोडक्वेसारांच्या विलंबावरून २०२० मध्यें प्रसिद्ध झालेला आंकडा ७३.३ आहे. हा दुसरा आंकडा काढतांना संशोधकांनीं एक व्रत पाळिलें होतें: शेवटचें उत्तर गणकयंत्रांत झांकून ठेवावयाचें, पद्धतींतील सारे दोष आधीं शोधून काढावयाचे, आणि सर्वांचें एकमत झाल्यावरच पडदा उघडावयाचा, उघडल्यावर कांहींही बदलावयाचें नाहीं. मनास हवें तें उत्तर नकळत हातून काढलें जाऊं नये, एवढ्यासाठीं ही खबरदारी. त्याच वर्षीं या विषयांतील संशोधकांनीं असेंही दाखवून दिलें कीं, भिंगाच्या वस्तुमानाविषयीं कमी गृहीत धरिलें तर उत्तरांतील अनिश्चितता पुष्कळ वाढते. आपल्याच उत्तरांतील उणीव आपणच दाखविणें हें सोपें नाहीं. दोन आंकड्यांतील तफावत मापांतील चुकीची कीं निसर्गांतील एखाद्या नव्या नियमाची, हा निकाल अजून लागावयाचा आहे. आणि तो कदाचित् आज आपल्या बांकावर बसणाऱ्या पिढीच्या हयातींत लागेल.

रेफ्सडाल २००९ मध्यें वारले. त्यांच्या मूळ कल्पनेंत क्वेसार नव्हतें, स्फोट पावणारा तारा होता. असा एक तारा, एका भिंगाच्या भोंवतीं चार प्रतिमांत विभागलेला, नोव्हेंबर २०१४ मध्यें हबल दुर्बिणीस दिसला. त्यास रेफ्सडाल यांचेंच नांव दिलें गेलें. त्याची आणखी एक प्रतिमा उशिरां दिसेल, असें गणित करून सांगितलें होतें. आणि डिसेंबर २०१५ मध्यें ती खरोखरच दिसली. ज्यानें बी पेरलें त्याच्या नांवाचें फळ त्याच्या मागें आलें.

मुंबई व पुणें येथील विद्वानांनींही या क्षेत्रांत आरंभापासून काम केलें आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत डॉ. शशिकुमार चित्रे, डॉ. नरसिंह व डॉ. सुब्रमण्यन् यांनीं १९८० नंतरच्या दशकांत गुरुत्वीय भिंगांचीं गणितें मांडलीं. त्याच संस्थेंतील प्रमेश राव व रवि सुब्रह्मण्यन् यांनीं १८३०-२११ या रेडिओस्रोताचें जोडरूप १९८८ मध्यें पुढें आणिलें. तो भिंगांतून दिसणारा स्रोत असावा, असा विचार १९९० मध्यें त्यांनीं डॉ. नरसिंह व डॉ. गोविंद स्वरूप यांच्यासह मांडला. पुढें ऑस्ट्रेलियांतील निरीक्षणांवरून त्याच्या दोन प्रतिमांतील विलंब सुमारें २६ दिवसांचा निघाला. डॉ. जयंत नारळीकर यांनीं १९८८ मध्यें पुण्यांत उभारलेल्या आयुका या संस्थेंत हें संशोधन आजही चालू आहे. तेथील डॉ. अनुप्रीता मोरे या 'स्पेस वॉर्प्स' नांवाच्या योजनेच्या प्रवर्तकांपैकीं एक. या योजनेंत २०१३ पासून सामान्य लोकांना आकाशाचीं चित्रें दाखवून त्यांतील भिंगें हुडकावयास सांगितलें गेलें. सुमारें ३७,००० लोकांनीं हें काम केलें, आणि पूर्वीं गणकयंत्रांच्या नजरेंतून सुटलेलीं २९ आशादायक भिंगें त्यांना आढळलीं. त्या लोकांजवळ दुर्बीण नव्हती. होती ती नीट पाहण्याची संवय.

पालकांस एक विनंति आहे. आपला मुलगा किंवा मुलगी पावसाचें, नदीचें किंवा घरच्या विहिरीच्या पाण्याचें रोजचें माप लिहूं लागली, तर "याचे परीक्षेंत किती गुण?" असें विचारूं नये. विश्वाचें वय मोजणाऱ्यांची विद्या याच वहीपासून सुरू होते. रोज त्याच वेळीं पाहावें. पाहिलें तेवढेंच लिहावें. न पाहिलेल्या दिवसाचा रकाना कोराच ठेवावा. आणि आपलें उत्तर दुसऱ्याच्या वहीशीं जुळवून पाहण्यास भिऊं नये. या चार गोष्टी पाळणाऱ्यास सावित्रीचें पाणी आपली वेळ सांगेल, आणि नऊ अब्ज वर्षें चाललेला प्रकाशही आपली वाट किती लांब होती तें सांगेल.

पावसाळा सरून आकाश निवळलें म्हणजे विद्यार्थ्यांनीं एकदां तरी रात्रीं अंगणांत उभें राहून सप्तर्षींकडे पाहावें. तें जोडक्वेसार नुसत्या डोळ्यांस दिसणार नाहीं. पण त्या दिशेनें एकच निरोप दोन वाटांनीं येत आहे, आणि त्यांतील दुसरा अजून वाटेंत आहे, एवढें ठाऊक असलें म्हणजे तेंच आकाश निराळें दिसूं लागतें.